सदतीसवर अडलेली गव्हाची बिअर

लग्नाच्या बैठकीत सगळ्यांचं बोलून झालं, चहा आला, आणि तोवर तोंडातून शब्द न काढलेल्या माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी पदर सारखा करून माझ्याकडे पाहिलं. "माझ्या लेकीच्या घरात बाटली येता कामा नये," त्या म्हणाल्या. "एवढं कबूल असेल तर पुढचं ठरवा." मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, आईवडिलांबरोबर नागपूरहून सांगलीजवळच्या त्या गावात गेलो होतो, आणि दारूच्या वाटेला कधी गेलेलो नव्हतो. कबूल म्हणायला मला काहीच जड गेलं नाही. कप खाली ठेवायच्या आत मी कबूल म्हणून मोकळा झालो.

त्या एका शब्दावर सासूबाईंनी पुढची अठ्ठावीस वर्षं काढली. "आमचे जावई अमेरिकेत असतात, पण थेंबाला शिवत नाहीत," हे त्यांच्या गल्लीत ज्याने ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. समोरच्या घरातल्या काकूंनी तर ते इतक्या वेळा ऐकलं होतं, की मी गावी गेलो की त्या देवळातल्या मूर्तीकडे बघावं तसं माझ्याकडे बघायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण गेली सात वर्षं मी ईडन प्रेरीतल्या माझ्या घराच्या गराजमध्ये स्वतःच्या हाताने बिअर करत होतो.

माझ्याकडे बचाव तयार होता. शब्द घरापुरता दिला होता, आणि गराज म्हणजे काही घर नव्हे. गराजमध्ये गाडी राहते, माणूस राहत नाही. बायकोला हे मी एकदा सविस्तर पटवून दिलं. तिने भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तू आईला सांगशील ना, त्या दिवशी मला हाक मार. मला ऐकायचंय." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

सासूबाई दर दोन-तीन वर्षांनी यायच्या, चार-पाच महिने राहायच्या. त्या यायच्या आधी मी माझी पातेली, नळ्या, बादल्या, धान्य भरडायचं यंत्र, सगळं खोक्यांत भरायचो आणि वर मोठ्या अक्षरांत 'टॅक्सचे कागद' असं लिहायचो. एकदा त्यांनी ती नऊ खोकी मोजली आणि रात्री जेवताना लेकीला म्हणाल्या, "केवढं काम करावं लागतं गं यांना." बायकोला ठसका लागला. मी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि ताटात बघून जेवत राहिलो.

हे असंच निभावून गेलं असतं, पण आमच्या लेकीचं लग्न ठरलं. लेक जर्सी सिटीत राहते, होणारा जावई विस्कॉन्सिनचा. त्याचे वडील, म्हणजे माझे व्याही, शेतावरच्या कोठारात तीस वर्षं बिअर करत आलेले. लग्न आमच्याकडे, ऑक्टोबरात, आपल्या पद्धतीने करायचं ठरलं आणि एके दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, रुखवतात तुझी बिअर पाहिजे."

मी तिला समजावलं, की रुखवतात नवरीकडच्यांनी घरी केलेले लाडू, चकल्या, कुरडया मांडतात.

"एक्झॅक्टली. घरी केलेलं. यू मेक इट ॲट होम, राइट?"

"आणि आजी?"

"तू सांग ना तिला. इट्स बीन ट्वेंटी-एट इयर्स, बाबा."

या मुलांना सगळं सोपं वाटतं. पण नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. सात वर्षांत कुणी माझ्या बिअरला मान दिला नव्हता, आणि इथे पोटची पोर ती रुखवतात मागत होती. मी हो म्हणालो. त्याच आठवड्यात व्याह्यांचा फोन आला. गव्हाची करतोयस ना, मग सुरुवातीचा आकडा किती लागतो तुझा, असं त्यांनी अगदी सहज विचारलं. मी तितक्याच सहज म्हणालो, पन्नास.

खरा आकडा सदतीस होता.

हा आकडा काय ते सांगायला हवं. मोड आणून वाळवलेला गहू आणि सातू भरडायचा, गरम पाण्यात तासभर भिजवून ठेवायचा. दाण्यातल्या पिठाची साखर होते आणि ती पाण्यात उतरते. ते गोड पाणी गाळून घ्यायचं, उकळायचं, थोडं कडवट फूल घालायचं, गार करायचं आणि मग यीस्ट. पण यीस्ट घालायच्या आधी त्या पाण्यात एक काचेची कांडी सोडतात. पाणी जितकं गोड तितकी कांडी वर तरंगते. साधं पाणी म्हणजे शून्य. चांगल्या गव्हाच्या बिअरला पन्नासच्या आसपास यायला हवं. त्याहून कमी आलं की बिअर पाणचट होते, पिणारा काही बोलत नाही, फक्त पेला अर्धा ठेवून देतो. नुसत्या सातूची केली की माझा आकडा बरा यायचा. गहू घातला की घसरायचा. सदतीस, अडतीस, एकदा तर पस्तीस.

मी काय नाही केलं? थर्मामीटर बदललं. तासाऐवजी दीड तास भिजवलं. पाण्याची तपासणी करून घेतली, त्यात क्षार घातले. इंटरनेटवर अनोळखी लोकांशी वाद घातले आणि त्यातल्या एकाला फुकटचा अपमानकारक निरोप पाठवून नंतर माफीही मागितली. धान्य वाढवून पाहिलं, दोन आकडे वाढले. वरून साखर घालून आकडा गाठता आला असता, पण तो व्याह्यांच्या तोंडावर खोटेपणा झाला असता, आणि खोटेपणाचा माझा कोटा तोवर भरत आला होता. एका यंत्राकडे मात्र मी ढुंकून पाहिलं नाही. धान्य भरडायचं दोन रुळांचं यंत्र कारखान्यातून ज्या फटीवर लावून आलं होतं, त्याच फटीवर सात वर्षं चालत होतं. मी आयटीतला माणूस. चालू सिस्टिमच्या डीफॉल्टला हात लावायचा नाही, हा माझा तीस वर्षांचा धर्म.

ऑगस्टमध्ये सासूबाई आल्या. वय शहात्तर, बॅगेत पितळी सोऱ्या, आणि नातीच्या रुखवताच्या कुरडया स्वतः करायचा निश्चय. इकडच्या उन्हाचा त्यांना भरवसा नव्हता, म्हणून दोन दिवस डेकवर खुर्ची टाकून त्यांनी ऊन कुठून कुठे सरकतं ते पाहिलं. मग गहू भिजत घातला. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून त्याचा पांढरा चीक पिळून काढतात. तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास सुटला. मला तो वास देवासारखा वाटला. माझं पातेलं उकळताना गराजमधून जो वास येतो, तो या वासात कुणाला कळणार होता?

शनिवारी बायको त्यांना देवळात आणि तिथून किराण्याला घेऊन गेली. मला पाच तास मिळाले. मी खोकी फोडली, धान्य भरडलं, भिजवलं, गाळलं, चोथा मागच्या दाराबाहेर घमेल्यात ओतला आणि पातेलं गॅसवर चढवलं. उकळून, गार करून कांडी सोडली. सदतीस. मी कांडी काढून पुसली, परत सोडली. कांडीने मान हलवली आणि पुन्हा सदतीसवरच उभी राहिली. मी तिथेच पालथ्या बादलीवर बसलो आणि खरं सांगतो, मला रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. आभाळ भरून आलेलं पाहून सासूबाई देवळातूनच परत फिरल्या होत्या, डेकवर कुरडया वाळत होत्या म्हणून. कुरडया आत घेऊन, अंगणाला वळसा घालून त्या येत होत्या आणि वाटेत त्यांना माझं घमेलं दिसलं. त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची उजवी मूठ बंद होती. माझ्यामागे पातेलं, बादल्या, नळ्या, सगळा पसारा उघडा. त्यांनी त्यातल्या एकाही गोष्टीकडे पाहिलं नाही. मूठ माझ्यापुढे धरली आणि आवळली. बोटांमधून पांढरा चीक बाहेर आला.

"हे कुणी दळलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"डोळे मिटून?"

त्यांनी मूठ उघडली, एक दाणा उचलला आणि नखाने फोडला. आत पांढरा, कच्चा. दुसरा घेतला, तोही तसाच. तिसरा तर अख्खाच्या अख्खा होता, त्याला यंत्राने स्पर्शही केला नव्हता. "सगळा चीक आत राहिलाय," त्या म्हणाल्या. "इतकं धान्य वाया घालवलंत. कशासाठी करता हे?"

आता सांगायचं, असं मी मनाशी म्हणालो. आणि माझ्या तोंडून निघालं, "सत्व काढतो, आई. नाचणीचं काढतात तसं. मोड आणलेल्या धान्याचं."

त्यांनी हात धुतले आणि म्हणाल्या, "यंत्र दाखवा."

सासूबाईंबद्दल इथे थोडं सांगतो. मी त्यांना अठ्ठावीस वर्षं ओळखत होतो, पण कामात कधी पाहिलं नव्हतं. त्यांची पिठाची गिरणी होती. सासरे नावाला मालक. गिरणी यांनीच पस्तीस वर्षं चालवली आणि गुडघे गेले तेव्हा विकली. बायको सांगायची, की आई स्वयंपाकघरात बसून नुसत्या आवाजावरून सांगायची की आता ज्वारी संपली, गहू लागलाय, दगड जवळ घे. डब्याचं झाकण उघडून पिठाची चिमूट चोळली की डबा कुणाच्या घरचा ते सांगायची. मला वाटायचं, लेकी आईबद्दल सांगतात तसं हे. त्या दिवशी मी पाहिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि यंत्राच्या दोन रुळांमध्ये डोळा घातला. मग कोरड्या गव्हाचा एक दाणा घेतला, सातूचा एक दाणा घेतला आणि दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवले.

"हा बघा केवढा, आणि हा केवढा," त्या म्हणाल्या. "दोन्ही एकत्र टाकता?"

"हो."

"एकाच फटीतून?"

"हो."

"सातू चिरडतो, कारण तो जाड आहे. गहू लहान आणि टणक. या फटीतून तो हसत खेळत जातो. ज्वारीच्या दगडावर कुणी गहू दळतं का?"

सात वर्षं. थर्मामीटर, क्षार, इंटरनेटवरची भांडणं. आणि यांनी दोन दाणे तळहातावर ठेवले. मला स्वतःचा राग आला, पण त्याहून जास्त मी थक्क झालो, आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही. मी एकच शंका काढली, की फट फार लहान केली तर पीठ होईल, गाळणी तुंबेल, एकदा तुंबली होती.

"पीठ करा म्हणतंय कोण? दाणा फुटला पाहिजे, साल राहिली पाहिजे. रव्याचा गहू नाही का ओलवून घेत?" मग त्यांना आठवलं की मी नागपूरच्या घरात आयतं खाऊन वाढलो आहे. त्यांनी सुस्कारा सोडला. "राहू द्या. पुढच्या शनिवारी मी करते."

तो आठवडा विचित्र गेला. सासूबाई रोज सकाळी चहा घेताना माझ्याकडे बघायच्या, जरा थांबायच्या, आणि मग पेपर मागायच्या. बायको म्हणाली, "सांगून टाक रे आता." मी म्हणालो, लग्न होऊन जाऊ दे. खरं कारण वेगळं होतं. त्या बाईने अठ्ठावीस वर्षं गावभर माझं नाव मिरवलं होतं, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत खाली पडलेलं मला बघायचं नव्हतं. तिच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटत होती. नोकरी जायची भीतीसुद्धा मला इतकी कधी वाटली नाही.

शनिवारी त्या कमरेला पदर खोचून गराजमध्ये आल्या. आधी त्यांनी सातूवर पाण्याचा हलका हबका मारला, दोन्ही हातांनी खालीवर केलं आणि ओल्या पंच्याने झाकून ठेवलं. साल ओली झाली की ती फाटत नाही, अख्खी सुटते, आतला दाणा तेवढा फुटतो, असं त्यांनी मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. मग फट कमीजास्त करायच्या, यंत्राच्या बाजूच्या दोन्ही चकत्या फिरवायला लावल्या. "अजून. अजून थोडी. बस." मूठभर गहू टाकून हँडल फिरवलं, खाली पडलेली भरड अंगठा आणि बोटात चोळली आणि डोकं हलवलं. "केसभर सोडा." पुन्हा मूठभर. पुन्हा चोळलं. अशा पाच मुठी गेल्या. सहाव्या मुठीला त्यांनी भरड माझ्या तळहातावर टाकली. प्रत्येक दाणा चार ठिकाणी फुटलेला, पीठ मात्र जेमतेम.

मग सगळा गहू त्या फटीतून काढला. सातूसाठी फट पुन्हा सैल केली आणि सातू वेगळा काढला. मी ड्रिल लावून यंत्र फिरवत होतो आणि त्या शेजारी स्टुलावर डोळे मिटून बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "थांबा." मी थांबलो. एका बाजूची चकती हादऱ्याने सैल झाली होती. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. पस्तीस वर्षं एका आवाजाकडे कान लावून बसलेलं माणूस कसं असतं, ते मी त्या दिवशी तीन फुटांवरून पाहिलं. माझ्या कंपनीत मोठमोठ्या पगाराची तज्ज्ञ माणसं येऊन तक्ते दाखवून जातात. त्यांच्यातल्या एकाबद्दलही मला असं वाटलेलं नाही.

भिजवून तास झाला, गाळलं, गाळणी तुंबली नाही. उकळलं, गार केलं. मी कांडी सोडली. ती वर आली, खाली गेली, डोलली आणि थांबली. मी वाकून पाहिलं, मग चष्मा पुसून पाहिलं.

"किती?" सासूबाईंनी विचारलं.

"बावन्न."

"आणि पाहिजे होते?"

"पन्नास."

त्या हसल्या. त्यांचा एक दात पडला आहे, त्यामुळे त्या हसताना तोंडावर हात धरतात. त्या दिवशी धरला नाही. घमेल्यातल्या चोथ्याची मूठ घेऊन त्यांनी आवळली. नुसतं पाणी आलं, चीक नाही. त्यांनी ती मूठ मला दाखवली, मग हात पुसले आणि स्टुलावर बसल्या.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "हे सत्व कुणाला पाजायचं?"

त्यांच्या मनगटापर्यंत भरडीची धूळ होती. त्या हातांकडे बघून मला पुढचं खोटं बोलता येईना. मी म्हणालो, "आई, ही बिअर आहे. मी सात वर्षं करतोय. पितोही."

"माहिती आहे," त्या म्हणाल्या. "मला पहिल्याच दिवशी कळलं. दारू पिणाऱ्या माणसाबरोबर संसार केलाय मी. तुम्ही काय मला वास शिकवणार? आठ दिवस वाट बघितली. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील."

त्या बोलत राहिल्या, आवाज न चढवता. सासरे प्यायचे, हे मला मोघम ठाऊक होतं. गिरणीत काय घडलं ते मला ठाऊक नव्हतं. सासरे बाटल्या गिरणीतच लपवायचे, गिऱ्हाइकांनी दळायला ठेवलेल्या पोत्यांत. एका सकाळी सासूबाईंनी एका घरचा गहू गिरणीत ओतला आणि त्यांना आवाज वेगळा लागला. गिरणी थांबवायला त्यांनी पट्टा पाडला, पण उशीर झाला होता. बाटली दगडाखाली गेली होती. लग्नघरचं दळण होतं. त्यांनी सगळं पीठ उकिरड्यावर टाकलं आणि स्वतः त्या घरी जाऊन सांगितलं, काय झालं ते, खरं खरं. पुढे वर्षभर बायका डबा ठेवताना विचारायच्या, काकू, दळणात काच नाही ना?

"पीत होते म्हणून मी त्यांना कधी घराबाहेर काढलं नाही," त्या म्हणाल्या. "पण लपवायचे. पोत्यात हात घालताना मला रोज भीती वाटायची, आता काय लागेल हाताला. तुमच्याकडून शब्द घेतला तो त्यासाठी. आणि तुम्ही खोक्यांवर टॅक्स लिहिलंत."

मी त्यांच्या पायांशी, त्या पालथ्या बादलीवर बसलो. चुकलो, असं म्हणालो. ते त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, कारण ते गोड पाणी आंबायला ज्यात भरलं होतं, त्या पिंपाला त्या हात लावून बघत होत्या. ऑगस्ट संपत आला होता तरी गराज तापलेलं होतं. मी नेहमी पिंपाभोवती ओले टॉवेल आणि बर्फाच्या बाटल्या लावायचो, आणि तरी यीस्ट गरमीने बिघडायचं.

"याला गारवा लागतो?" त्यांनी विचारलं.

"लागतो."

"मग इथे कशाला? आत आणा. आत एसी आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या उठल्या आणि घरात उघडणारं दार धरून उभ्या राहिल्या. मी पिंप उचललं. बायको स्वयंपाकघरात होती, तिच्या हातातला झारा तसाच राहिला. सासूबाईंनी स्वतःच्या खोलीतल्या कपाटाशेजारची जागा दाखवली. तीन आठवडे ते पिंप त्यांच्या पलंगाजवळ बुडबुडत होतं. सकाळी उठल्यावर त्या मला सांगायच्या, "काल जोरात चाललं होतं, आज मंदावलंय." त्यांनी एक थेंबही चाखला नाही. बाटल्या भरायच्या दिवशी फक्त वास घेतला आणि म्हणाल्या, "गव्हाचा वास राहिलाय. बरं झालं."

पण रुखवताचं काय? लग्नाला गावाकडची माणसं येणार होती. समोरच्या काकू मुलाकडे शिकागोला आल्या होत्या, त्याही येणार होत्या. त्यांच्यासमोर माझ्या बाटल्या मांडायच्या, म्हणजे सासूबाईंच्या अठ्ठावीस वर्षांच्या बोलण्यावर पाणी. मी आणि बायकोने ठरवलं, की कुणी विचारलंच तर व्याह्यांनी आणली म्हणून सांगायचं. व्याही बिअर करतात हे सगळ्यांना माहीत होतं, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. सासूबाईंना हे आम्ही सांगितलं नाही. त्यांचाच मान राखायचा होता ना, मग त्यांना कशाला विचारायचं.

लग्नाच्या सकाळी लेकीने रुखवत मांडलं. मधोमध आजीच्या कुरडया, पांढऱ्याशुभ्र, एकही तुटलेली नाही. एका बाजूला लाडू आणि करंज्या, दुसऱ्या बाजूला माझ्या बारा बाटल्या. प्रत्येक पदार्थापुढे लेकीने तो कुणी केला ते लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती, बाटल्यांपुढची मात्र बायकोने हळूच उचलून पर्समध्ये टाकली. व्याह्यांनी आदल्या दिवशी एक बाटली प्यायली होती. पेला रिकामा करून त्यांनी माझा हात हातात घेतला होता आणि बराच वेळ सोडला नव्हता. ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

दहाच्या सुमारास काकू आल्या. नऊवारी, वर स्वेटर. कुरडया पाहून त्यांनी सासूबाईंचं तोंडभरून कौतुक केलं. मग त्यांची नजर बाटल्यांवर गेली. "अगं बाई. ही बिअर ना? रुखवतात? कुणी ठेवली ही?"

मी पुढे झालो. "ती ना काकू, ती व्या..."

"जावयांनी केलीय," सासूबाई म्हणाल्या. खुर्चीत बसूनच, पण हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "दळण माझं आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "पण तुम्ही तर म्हणायचात, थेंबाला शिवत नाहीत म्हणून."

"म्हणायचे. मला तसं वाटायचं."

"म्हणजे पितात?"

"पितात," सासूबाई म्हणाल्या. "घरात. माझ्यासमोर."

मग त्यांनी बायकोपुढे, तिच्या पर्सकडे बघत, हात केला. तिने पर्समधली चिठ्ठी काढून दिली. सासूबाई खुर्चीतून उठल्या, ती चिठ्ठी बाटल्यांपुढे ठेवली आणि एक बाटली जराशी वाकडी होती ती सरळ केली.